जॉर्जला चांगला म्हणू की वाईट?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: एक वाचक ताई, वय 34, नोकरी सांभाळून बाहेरून इंग्रजीत एम.ए. करत आहेत. जॉन स्टाइनबेकच्या ‘ऑफ माइस अँड मेन’ या कादंबरीतल्या जॉर्ज मिल्टनवर त्यांना निबंध लिहायचा आहे. पहिल्या खर्ड्यात त्यांनी जॉर्जला आदर्श मित्र ठरवलं. मार्गदर्शकांनी त्यावर ‘एकतर्फी’ असा शेरा मारला. दुसऱ्या खर्ड्यात त्याच्या चुका मोजायला घेतल्या, तर तो हुकूम गाजवणारा, स्वार्थी आणि शेवटी खुनी ठरला. तो खर्डा त्यांनी स्वतःच फाडून टाकला. जॉर्जला नेमकं काय म्हणायचं, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलंय की त्यांच्या 29 वर्षांच्या धाकट्या भावाला बौद्धिक अक्षमता आहे, आई थकत चालली आहे आणि कादंबरी संपवली त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. ‘दवाखान्यात त्याला कुणी नाव विचारलं तरी उत्तर मीच देते. हे निबंधाशी संबंधित नाही, पण लिहावंसं वाटलं.’

प्रिय ताई,

‘निबंधाशी संबंधित नाही’ म्हणून शेवटी लिहिलेल्या त्या ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. त्यांचा निबंधाशी संबंध आहे. दोन्ही खर्डे बिनसले तेही त्या ओळी बाजूला ठेवल्यामुळे, असं मला वाटतं. त्यांच्याकडे मी येतेच. आधी जॉर्ज.

इतर वाचकांसाठी गोष्ट सांगते. काळ अमेरिकेतल्या महामंदीचा. कॅलिफोर्नियात सॅलिनास नदीच्या खोऱ्यात, सोलेदाद गावाजवळच्या एका रँचवर दोन भटके मजूर बार्लीची पोती उचलायच्या कामाला येतात. जॉर्ज लहानखुरा आणि चलाख. लेनीचं आडनाव स्मॉल, पण देह अवाढव्य, आणि समज लहान मुलाची. मऊ वस्तू कुरवाळायचा त्याला नाद आणि स्वतःच्या हातातल्या ताकदीचा अंदाज नाही. आधीच्या गावात त्याने एका मुलीच्या लाल झग्याला हात लावला, ती किंचाळली, आणि घाबरून याने झगा आणखी घट्ट धरून ठेवला. तिथून दोघांना पळ काढावा लागला. दहा एकर जमीन घ्यायची आणि तिथे लेनीने ससे सांभाळायचे, एवढंच दोघांचं स्वप्न. मग रँचच्या बॉसच्या सुनेचा लेनीच्या हातून जीव जातो. माणसं बंदुका घेऊन त्याला शोधायला निघतात. ती पोचायच्या आत जॉर्ज नदीकाठी लेनीला स्वतः गोळी घालतो. कादंबरी 1937 साली आली. सहा प्रकरणांची, एका बैठकीत संपणारी.

आता तुमच्या खर्ड्यांविषयी. दोन्हींत तुम्ही जॉर्जचे गुण एका रकान्यात लिहिलेत, दोष दुसऱ्या रकान्यात, आणि मग बेरीज-वजाबाकी केलीत. पहिल्या वेळी गुण जास्त भरले, दुसऱ्या वेळी दोष. यात तुमची चूक नाही. प्रश्नाची भाषाच तशी असते: ‘मित्राला जपणारा, पण सदोष’. माझा आक्षेप त्या ‘पण’ला आहे. कादंबरीतले मोठे प्रसंग एकेक करून काढून बघा. जॉर्ज ज्या कृतीने लेनीला वाचवतो, त्याच कृतीने तो त्याला आणखी परावलंबी करत जातो. मग ते दोन रकाने वेगळे राहतात कुठे?

बॉसच्या समोर उभं राहण्याचा प्रसंग घ्या. रँचवर यायच्या आदल्या संध्याकाळीच जॉर्जने लेनीला बजावून ठेवलंय की तू तोंड उघडायचं नाहीस. कामाच्या चिठ्ठ्या दोघांच्या, पण दोन्ही जॉर्जच्याच खिशात. बॉस लेनीला प्रश्न विचारतो आणि उत्तर जॉर्ज देतो. लेनी माझा चुलतभाऊ आहे, लहानपणी घोड्याने त्याच्या डोक्यात लाथ मारली, असं खोटंही सांगतो. बॉसला संशय येतो की हा याचा पगार तर खात नाही ना, कारण एका मजुराने दुसऱ्यासाठी इतका जीव टाकलेला त्याने आजवर पाहिलेला नाही. मध्येच लेनीला राहवत नाही. जॉर्जने नुकतं त्याचं कौतुक केलेलं असतं की हा बैलासारखा दणकट आहे. तेच शब्द लेनी खूश होऊन पुन्हा म्हणतो, आणि जॉर्ज त्याच्याकडे डोळे वटारून बघतो.

या दोन पानांवर थांबा, ताई. लेनीला त्या दिवशी काम मिळालं ते जॉर्ज बोलला म्हणून. तो बोलला नसता तर दोघंही उपाशी राहिले असते. पण त्याच दोन पानांत लेनीला आपल्याबद्दल एक चांगला शब्द ऐकून आनंद झाला आणि तो आनंद बोलून दाखवल्याबद्दल त्याला ओरडा बसला. गुण कुठे संपला आणि दोष कुठे सुरू झाला, ते मला तरी दाखवता येत नाही. तुमचा निबंध इथून सुरू होऊ शकतो.

नदीकाठची रात्रही अशीच. जेवायला तीन डबे बीन्स आहेत. लेनी म्हणतो, मला केचपबरोबर आवडतात. जॉर्जचा बांध फुटतो. केचप नाहीये, आणि जे जे आपल्याकडे नसतं तेच नेमकं तुला हवं असतं! मग तो तोंडाला येईल ते बोलत सुटतो. तू नसतास तर मी किती सुखात राहिलो असतो, महिन्याचे पन्नास डॉलर घेऊन गावात गेलो असतो, हवं ते केलं असतं. लेनीचा चेहरा बघितल्यावर तो गप्प होतो, शरमतो. आणि लेनी काय करतो? केचप असता तरी मी खाल्ला नसता, सगळा तुलाच दिला असता, म्हणतो. पुढे तो असंही म्हणतो की तुला नको असेन तर मी डोंगरात जाऊन एखाद्या गुहेत राहीन. दुसऱ्या खर्ड्यात हा प्रसंग तुम्ही जॉर्जच्या ‘स्वार्थाचा पुरावा’ म्हणून घातला होतात. घरात कायम आधार लागणारं माणूस असेल त्याला हा प्रसंग असा वाचता येईल का? रोज जपणाऱ्याच्या तोंडूनच असं काही निघतं. जो कधीच जपत नाही, त्याच्यावर हे बोलायची वेळच येत नाही.

पण एक कबुली अशी आहे जिला मी सूट देणार नाही, तुम्हीही देऊ नका. स्लिम हा खेचरांची गाडी हाकणारा, रँचवर सगळे ज्याचा शब्द मानतात असा माणूस. जॉर्ज त्याच्याजवळ मन मोकळं करतो. तो सांगतो की पूर्वी तो लेनीची खूप टिंगल करायचा. एकदा सॅक्रामेंटो नदीच्या काठी बरीच मंडळी जमली होती. जॉर्जला आपण किती हुशार आहोत ते दाखवायचं होतं. तो लेनीला म्हणाला, मार उडी. लेनीने मारली. त्याला पोहता येत नव्हतं. बाहेर काढेपर्यंत तो जवळजवळ बुडालाच होता. आणि बाहेर काढल्याबद्दल तो जॉर्जशी इतका प्रेमाने वागला! उडी मारायला सांगितलं होतं तेही जॉर्जनेच, हे तो साफ विसरून गेला होता. त्या दिवसापासून आपण तसं काही केलेलं नाही, असं जॉर्ज सांगतो.

तो बदलला हे खरं. पण त्या दिवशी त्याला एक गोष्ट कळली: हा माणूस मी सांगेन ते करतो. पुढे कर्ली, म्हणजे बॉसचा मुलगा, लेनीला मारायला लागतो तेव्हा लेनी हात वर करत नाही, कारण तो इतका घाबरलेला असतो की स्वतःचा बचाव करणंही त्याला सुचत नाही. मग जॉर्ज ओरडतो, धर त्याला, आणि लेनी कर्लीचा हात चुरगळून टाकतो. नदीत उडी मारायला लावणारा शब्द आणि जीव वाचवण्यासाठी हात उगारायला लावणारा शब्द, दोन्ही एकाच तोंडातून आले आणि लेनीने दोन्ही सारखेच पाळले. इतकी सत्ता हातात असलेला माणूस कितीही भला असो, त्याच्यावर ‘आदर्श’ हा शिक्का मी मारणार नाही.

आता त्या काळाकडे जरा बघा, कारण त्याशिवाय जॉर्ज एकटा का, ते कळत नाही. 1933 च्या सुमारास अमेरिकेत काम करणाऱ्या दर चौघांपैकी एकाला काम नव्हतं. 1935 साली सामाजिक सुरक्षेचा मोठा कायदा आला, पण शेतमजुरांना त्याच्या पेन्शनमधून वगळलं होतं. लेनीसारख्यांसाठी होत्या त्या सरकारी संस्था. कॅलिफोर्नियात 1909 पासून कायदा होता की अशा संस्थांत ठेवलेल्यांची त्यांच्या संमतीविना नसबंदी करता येईल, आणि पुढच्या काही दशकांत तिथे सुमारे 20,000 जणांवर ती झाली. लेनीला सांभाळणारी क्लारामावशी वारल्यावर जॉर्ज त्याला बरोबर घेऊन निघाला नसता, तर लेनी कुठे गेला असता याचा अंदाज यावरून येतो. स्टाइनबेकने हे जग लांबून पाहिलेलं नव्हतं. तो सॅलिनासमध्येच 1902 साली जन्मला आणि तरुणपणी त्याने तिथल्या रँचवर असल्या मजुरांबरोबर काम केलं होतं.

म्हणून काही समीक्षक म्हणतात, दोष जॉर्जचा नाही, व्यवस्थेचा आहे. हे निबंधात जरूर लिहा, पण तेवढ्यावर थांबू नका. कारण त्याच व्यवस्थेत, त्याच रँचवर जॉर्जने दोन वेळा दार थोडं किलकिलं केलं, आणि दोन्ही वेळा काहीतरी चांगलं घडलं. स्लिमला त्याने लेनीबद्दल खरं सांगितलं, तर स्लिमने ते समजून घेतलं आणि कर्लीच्या हाताचं प्रकरण निस्तरलंही. एका हाताने अधू झालेल्या म्हाताऱ्या कँडीने जमिनीचं स्वप्न ऐकलं आणि आपली पुंजी पुढे केली: जवळ असलेले 300 डॉलर आणि महिन्याअखेर मिळणारे 50. जमीन होती 600 ची. नुसतं बोलून धीर द्यायचं ते स्वप्न एका संध्याकाळीत हिशोबाच्या आवाक्यात आलं! तरीही पुढच्याच शनिवारी रात्री जॉर्ज गावात जातो आणि लेनीवर लक्ष ठेवा असं कुणालाही सांगून जात नाही. रविवारी दुपारी लेनी कोठारात एकटा, हातात मेलेलं पिल्लू, आणि तिथे कर्लीची बायको येते. तिच्याशी बोलू नकोस ही ताकीद लेनीला पाठ होती. कुणी जवळ आलं, भीती वाटली, तर काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. तळहातावरच्या फोडासारखं जपलेल्या माणसाला जॉर्जने दोनच गोष्टी शिकवल्या, गप्प राहा आणि लपून बस. त्याच्या जपण्यातली खरी उणीव मला इथे दिसते.

आणि मग तो शेवट. मी बरीच वर्षं ही कादंबरी वर्गात शिकवली आणि शेवटाला मुलांना एकच शब्द लिहून द्यायचे, ‘मुक्ती’. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, ‘मॅडम, पण लेनीला कुणी विचारलं का?’ मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसानंतर तो शब्द मी कधी लिहून दिला नाही.

तुम्ही ते पान पुन्हा वाचा. रँचवरच्या कार्लसन नावाच्या मजुराचं पिस्तूल जॉर्जने आधीच उचललेलं आहे. तो लेनीला टोपी काढायला सांगतो, नदीपलीकडे बघायला सांगतो, आणि त्या जमिनीची, सशांची गोष्ट सांगत राहतो. लेनीला वाटत असतं की जॉर्ज रागावलाय. जॉर्ज त्याला सांगतो, मी रागावलेलो नाही, कधीच नव्हतो, हे तुला कळायला हवं. एकदा पिस्तूल उचलतो, हात थरथरतो, खाली ठेवतो. लेनी म्हणतो, आत्ताच जाऊ या तिकडे. मग पुन्हा उचलतो. गोळी झाडल्यावर पिस्तूल लांब फेकून देतो, ते जुन्या शेकोटीच्या राखेजवळ पडतं. थोड्या वेळाने माणसं येतात आणि विचारतात, पिस्तूल लेनीकडे होतं ना? जॉर्ज हो म्हणतो. बॉससमोर जे सुरू झालं ते इथेही चालूच आहे. लेनी मेल्यावरसुद्धा लेनीच्या वतीने जॉर्जच बोलतोय.

यावर माझं मत विचारलंत म्हणून सांगते. जमावाच्या हाती लागला असता तर लेनीचे हाल झाले असते, आणि कोंडून ठेवलं असतं तर त्याची काय दशा झाली असती ते स्लिमही बोलून दाखवतो. जॉर्जपुढे चांगला रस्ता उरला नव्हता आणि जे केलं ते त्याने प्रेमापोटीच केलं. तरी ते त्याने लेनीला फसवून केलं, आणि त्याचं प्रेम त्या फसवणुकीला झाकत नाही. ही दोन्ही वाक्यं निबंधात शेजारी शेजारी ठेवायला कचरू नका. मार्गदर्शकांना ‘एकतर्फी’ वाटलं ते त्यातलं एक वाक्य गायब होतं म्हणून.

लिहिताना आणखी दोन गोष्टी बघा. एक, लेखक जॉर्जच्या मनात कधी शिरत नाही. रंगमंचावर दिसेल तेवढंच तो आपल्याला दाखवतो. म्हणून ‘जॉर्जला वाटलं’ अशी वाक्यं गाळा आणि तो काय करतो ते लिहा: एकटाच पत्ते लावत बसणं, खिशातल्या चिठ्ठ्या, थरथरणारा हात. हे कुठल्याही पात्रावर लिहिताना उपयोगी पडेल. दुसरी गोष्ट, लेखक लेनीचं वर्णन कसं करतो ते तपासा. पहिल्याच प्रकरणात तो अस्वलासारखा पाय ओढत चालतो, घोड्यासारखं पाणी पितो. मग कँडीचा म्हातारा कुत्रा मारला जातो, कुत्र्याला मी स्वतःच गोळी घालायला हवी होती असं कँडी जॉर्जजवळ हळहळतो, आणि त्याच पिस्तुलाने लेनी मरतो. वाचकाचं मन शेवटासाठी असं हळूहळू तयार केलं जातं. जॉर्जने काय केलं हा एक प्रश्न झाला. लेखकाने आपल्याला ते कसं पटवलं, हा त्याच्याशेजारचा.

आणि इथेच मला तुमच्या त्या न लागलेल्या झोपेबद्दल बोलायचं आहे. लेनीचा शेवट एका लेखकाने बेतलेला आहे. तुमचा भाऊ म्हणजे लेनी नाही. बौद्धिक अक्षमता म्हणजे धोका, हे समीकरण या कादंबरीने अनेकांच्या मनात पक्कं केलं असेल, तुमच्या मनात ते शिरू देऊ नका. तुम्हाला रात्रभर जागं ठेवलं ते बहुधा दुसऱ्याच गोष्टीने. ‘माझ्यामागे याचं कसं होणार’ हे तुमची आई बोलत असेल, किंवा बोलत नसेल, आणि त्याचं उत्तर म्हणून सगळे तुमच्याकडे बघत असतील. जॉर्ज वाचताना तुम्ही स्वतःला वाचत होतात. म्हणूनच पहिल्यांदा त्याला देव केलंत आणि दुसऱ्यांदा आरोपी.

जॉर्जला जे मिळालं नाही त्यातलं थोडं तुम्हाला मिळू शकतं. आपल्याकडे 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी तो आहे. अठरा वर्षांवरच्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अर्ज जिल्ह्यातल्या स्थानिक स्तर समितीकडे करता येतो. जिल्हाधिकारी या समितीत असतात. आई हिंडती-फिरती आहे तोवर ही चौकशी करा. त्याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंतची. भावाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांसाठीचं सरकारी ओळखपत्र, झालं नसेल तर ते आधी करून घ्या. पालकत्व घ्यायचंच असं मी म्हणत नाही. कुठल्या निर्णयात त्याला खरोखर मदत लागते आणि कुठल्यात लागत नाही, हे आधी आईबरोबर बसून ठरवा, आणि त्यालाही त्या बैठकीला बसवा.

कागदपत्रांइतकंच महत्त्वाचं म्हणजे तुमचा स्लिम आणि तुमचा कँडी शोधा. शेजारच्या काकू असतील, एखादा मामेभाऊ असेल, त्याच्या कार्यशाळेतले सर असतील. त्याला काय आवडतं, कशाची भीती वाटते, घाबरला की काय केल्यावर शांत होतो, हे निदान तीन माणसांना ठाऊक असू द्या. आणि कधी केचपच्या रात्रीसारखं तुमच्या तोंडून काही निघून गेलं तर स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. तुम्हाला विश्रांती हवी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा खर्डा लिहिलात की मला पाठवा. भावाचा उल्लेख त्यात आलाच पाहिजे असं नाही, पण लिहिताना तो शेजारी बसलेला असू द्या.

आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी त्याला नाव विचारलं, की तुम्ही मनात दहापर्यंत आकडे मोजा. तो सवयीने तुमच्याकडे बघेल. तुम्हीही त्याच्याकडेच बघा, डॉक्टरांकडे नको. डॉक्टर घाईत असले तरी तेवढे दहा आकडे त्यांना थांबू द्या. त्याने काय सांगितलं ते मला जरूर कळवा.